मोडक्या घोडेस्वारांचा कैवार

दिवाळीचे चार दिवस संपले, भाऊबिजेच्या ओवाळणीचे पैसे मोजून झाले, की आमच्या गल्लीतल्या कचराकुंडीत एक सैन्य पडलेले दिसते. कोणाचा भाला गेलेला, कोणाचे मुंडके गेलेले, कोणाचा घोडा तीन पायांवर. चारच दिवसांपूर्वी या स्वारांनी अंगणाअंगणांतल्या प्रतापगडांच्या आणि सिंहगडांच्या पायथ्याशी पहारे दिले होते. त्यांच्यासाठी अळीव पेरले गेले, गेरू कालवला गेला, पणत्या लावल्या गेल्या. आणि आता केळीच्या सालींत व फटाक्यांच्या कागदांत तोंड खुपसून ते पडले आहेत. लढाईत पडते तर गोष्ट निराळी होती. यांना कोणा शत्रूने मारलेले नाही. यांना मारले आहे ते आपण, आणि तेही 'पुढच्या वर्षी नवे आणू' या चार शब्दांनी.

या चार शब्दांविरुद्ध मला भांडायचे आहे. सणासुदीच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या भांडणाचे कारणच दिवाळी आहे, ते शिमग्यापर्यंत राखून ठेवण्यात काय हशील?

माझी बाजू कोणती ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मला खेळण्यातले घोडेस्वार दुरुस्त करण्याचा आणि रंगविण्याचा नाद आहे. मातीचे, प्लास्टरचे, लाकडाचे, क्वचित कोणाच्या माळ्यावर सापडलेले शिशाचे विलायती, जो येईल त्या स्वाराला माझ्याकडे थारा आहे. गॅलरीत एक टेबल आहे. त्यावर बारीक कुंचले, उदबत्तीच्या काड्या, पितळी तार, डिंकाची बाटली आणि रांगेने मांडलेले जायबंदी. पन्नाशी उलटलेला गृहस्थ रविवारची सकाळ घोड्याची शेपटी रंगविण्यात घालवितो हे पाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गंमत वाटते. "पोरांची खेळणी पोरांनी रंगवावीत, तुम्ही कशाला?" असे एका शेजाऱ्यांनी मला विचारले. दुसऱ्यांनी तर हिशेबच मांडला. एका स्वाराला तुम्ही तीन तास देता. बाजारात तो साठ रुपयांना मिळतो. म्हणजे तुमच्या तासाचा भाव वीस रुपये!

हिशेब बिनचूक आहे. फक्त तो भलत्या वहीत मांडलेला आहे. हेच गृहस्थ क्रिकेटचा सामना लागला की सकाळपासून दिवे लागेपर्यंत खुर्ची सोडीत नाहीत. त्या तासांचा भाव त्यांनी कधी काढल्याचे मला आठवत नाही. माणूस आपल्या आवडीच्या कामाचा मोबदला त्या कामातच घेत असतो. पण माझा मुद्दा माझ्या आवडीपुरता असता, तर मी वाचकांचा वेळ घेतला नसता. मुद्दा मुलांचा आहे, आणि आपल्या घरांचा आहे.

खेळण्यातल्या स्वाराला दोन वैरी आहेत. एक उकिरडा आणि दुसरे कपाट. वरवर पाहता हे दोघे एकमेकांच्या अगदी विरुद्ध. उकिरडा म्हणतो, मोडले की फेका. कपाट म्हणते, मोडू नये म्हणून हातच लावू नका. परंतु दोघांची करणी एकच, आणि ती म्हणजे स्वाराला मुलाच्या हातातून काढून घेणे. माझे म्हणणे एवढेच की खेळणे हे खेळण्यासाठी असते. खेळले की ते मोडते. आणि मोडले की दुरुस्त करून पुन्हा खेळायला देणे हे घरातल्या मोठ्या माणसांचे काम आहे. सदऱ्याचे बटण तुटले की आपण सदरा फेकीत नाही. घोड्याचा पाय तुटला की घोडा मात्र फेकतो. का, तर ते 'नुसते खेळणे' आहे.

आधी उकिरड्याचा समाचार घेऊ. एका दिवाळीनंतर आमच्याच इमारतीतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा मागचे दोन्ही पाय तुटलेला घोडा छातीशी धरून माझ्याकडे आला. त्याच्या मागोमाग त्याची आई आली. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? मी त्याला म्हटलं, उद्या नवा आणून देते, तर ऐकतच नाही." मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "पण हा बाजी आहे." बस्स, एवढेच. त्याने घोड्याला नाव दिले होते. आणि एकदा नाव दिलेल्या वस्तूच्या जागी बसेल अशी दुसरी वस्तू कोणत्याही बाजारात मिळत नाही. आईची चूक नव्हती. तिला वाटले मुलाला घोडा हवा आहे. मुलाला घोडा नको होता, त्याला बाजी हवा होता. बाजी आठ दिवसांनी चार पायांवर उभा राहून घरी गेला. मागचा एक पाय किंचित जाड झाला होता. त्याबद्दल मालकाची काही तक्रार आली नाही.

गडावर सिंहासन मांडून त्यावर महाराजांना बसवायचे आणि त्यांच्याच पागेतली घोडी कचऱ्यात लोटायची, यातली विसंगती आपल्या ध्यानात कशी येत नाही? चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांकडून १६७३-७४ च्या सुमारास गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लढाईचा डौल नाही, विजयाची घोषणा नाही. त्यात आहे ती पागेची काळजी. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरा. आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष तुमच्या माथी येईल. रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागाच्या पागा जाईल. एवढ्या मोठ्या कारभारात उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत ज्याची नजर पोचत होती, त्या राजाचा दरबार आपण दिवाळीत मांडतो. त्या दरबाराची शोभा विकत आणलेल्या नव्या कोऱ्या स्वारांनी वाढत नाही. जपलेल्या घोड्यांनी वाढते.

सभासदाच्या बखरीत घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती चढत जाते. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. मला या नालबंदाचे मोठे कौतुक वाटते. त्याच्या हाती तलवार नाही, पोवाड्यात त्याचे नाव नाही; पण तो नसेल तर पंचवीस स्वार पायउतार होतात. आपल्या घरच्या सैन्यात हा नालबंदच आपण ठेवलेला नाही. शिपाई विकत मिळतात, नालबंद घरात असावा लागतो.

त्याच सैन्यात स्वारांचे दोन प्रकार होते. बारगीर आणि शिलेदार. बारगिराचे घोडे आणि हत्यार सरकारचे, शिलेदाराचे स्वतःचे. महाराजांच्या राज्यात सरकारी पागेचाच मान मोठा होता, हे मला ठाऊक आहे, आणि त्याला राज्यकारभाराची सबळ कारणे होती. पण मुलाच्या बाबतीत मी शिलेदाराच्या बाजूचा आहे. दरसाल नवी पेटी मिळणारा मुलगा हा दुकानाचा बारगीर. घोडा दुकानाने दिला, मोडला, दुसरा दुकान देईल. त्याला काळजी कशाची? ज्याने आपल्या घोड्याचा पाय स्वतः जोडताना पाहिला, डिंक वाळेपर्यंत श्वास रोखून धरला, रंगाचा शेवटचा ठिपका आपल्या हाताने दिला, तो मुलगा शिलेदार. त्याचा घोडा आता खरोखरी त्याचा झाला.

"मातीची वस्तू, तिचे आयुष्य तेवढेच," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी विदर्भाकडे बोट दाखवितो. तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैलांना सजवून दोरीने ओढीत नेतात, घरोघर बोजारा मागतात. आजोबांनी ओढलेला बैल नातू ओढतो आहे, अशी घरे तिकडे आहेत. त्या बैलाचे शिंग मोडत नाही काय? चाक निखळत नाही काय? मोडते, निखळते. पण पोळा जवळ आला की कोणीतरी तो बैल माळ्यावरून उतरवितो, चाक ठोकतो, शिंगाला नवा रंग देतो. लाकूड टिकते म्हणून बैल टिकला, हे अर्धेच खरे. टिकविणारे होते म्हणून टिकला. दुर्लक्ष केले तर लाकडालाही वाळवी लागतेच.

यावर एक आक्षेप असा येतो की त्याला हसून उत्तर देता येत नाही. तो असा: "तुम्ही जुने दुरुस्त करीत बसलात, तर कुंभाराने खावे काय?" पुण्याच्या कुंभारवाड्यात आणि अशा कितीतरी गावांत दिवाळीच्या आधी कुटुंबेच्या कुटुंबे या चित्रांवर राबत असतात. बाया रंग देतात, पोरे फळ्या उन्हा-सावलीला हलवितात. त्यांच्या पोटावर पाय देऊन मला माझा छंद मिरवायचा नाही. पण मी विचारतो, आज त्यांच्या पोटावर पाय कोणी दिला आहे? 'यंदाचे यंदा फेकायचे' असे ठरवूनच गिऱ्हाईक येते, म्हणून ते स्वस्तात स्वस्त मागते. स्वस्त हवे म्हणून साच्यातून भराभर प्लास्टर काढायचे, पाय काडीसारखे, मान सुताएवढी, रंग फवाऱ्याने. चांगला हात असलेल्या कारागिराला चांगले काम करण्याची सवडच आपण ठेवलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की दरसाल बारा स्वार साठ-साठ रुपयांना घेऊ नका. एक घ्या, पण त्याला चारशे रुपये द्या. शाडूचा घ्या, हाताने घडविलेला घ्या, पायांत तार घालून घ्या. तो पुढच्या वर्षी जुन्यांच्या रांगेत उभा राहील आणि सैन्य एकाने वाढेल. दहा वर्षांत मुलापाशी दहा स्वार असतील आणि प्रत्येकाचे साल त्याला तोंडपाठ असेल. या हिशेबात कुंभाराची मिळकत थोडी घटते, हे मी नाकारीत नाही. म्हणूनच मी असेही म्हणतो की दुरुस्तीचे काम आपल्याला जमत नसेल तर ते त्यालाच द्या आणि त्याचे पैसे मोजा. कल्हईवाल्याला आपण देत होतो, तसे.

आता दुसऱ्या वैऱ्याकडे, कपाटाकडे वळू. यासाठी थोडे विलायतेला जावे लागेल, कारण कपाटाचा रोग तिकडून आला.

१८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळणीवाल्या घराण्याने शिशाचे शिपाई पोकळ ओतण्याची युक्ती काढली. त्याआधी जर्मनीचे भरीव आणि चपटे शिपाई बाजारात मातब्बर होते. ब्रिटनची युक्ती साधी होती. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतला की साच्याला भिडलेला थर आधी थिजतो. तेवढ्यात आतला उरलेला रस भोकातून उलटा ओतून घ्यायचा. मागे राहतो तो पोकळ शिपाई. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. पहिली पेटी निघाली ती राणीच्या लाइफ गार्ड्स या घोडदळाची. पायदळाच्या पेटीत आठ शिपाई, घोडदळाच्या पेटीत पाच स्वार, असा रिवाज पडला. उभ्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर. रंग हाताने दिलेला, चकचकीत. गालांवर गुलाबी ठिपका, मिशी म्हणजे एक रेघ. पुढे हिंदुस्थानी रिसाल्यांच्याही पेट्या निघाल्या. त्यांत पहिल्या बॉम्बे लान्सर्सचीही एक होती. म्हणजे आपल्याच मुलखात भरती झालेल्या पलटणीचे फेटेवाले स्वार लंडनच्या पोरांच्या चटईवर दौडत होते.

आज या स्वारांना मोठा भाव आहे. मूळ रंग शाबूत, मूळ पेटी शाबूत, आतली दोरीसुद्धा शाबूत असेल तर संग्राहक वाटेल ती किंमत देतात. हरकत नाही. पण त्यातून एक सोवळे जन्माला आले आहे. अशा एका संग्राहकांशी माझी एकदा चांगलीच जुंपली. मी मुंडके गेलेल्या एका स्वाराला नवे मुंडके बसवून त्याचा झडलेला कोट रंगविला होता. ते म्हणाले, "तुम्ही याची किंमत मातीत घातलीत." मी म्हटले, "साहेब, मुंडके नसताना याची किंमत काय होती?" ते म्हणाले, "निदान तो अस्सल होता." अस्सल! म्हणजे शिपाई मुंडक्याविना अस्सल आणि मुंडक्यासह नक्कल!

या गृहस्थांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, आणि ते अर्धे मी आपणहून सांगतो. ज्याचा मूळ रंग शिल्लक आहे त्याला खरवडून नवा रंग फासणे हा अडाणीपणा आहे. शंभर वर्षांपूर्वी कोणा बाईने कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात ओढलेली मिशी आपल्याला पुन्हा ओढता येत नाही. ती तशीच राहू द्यावी. जेथे रंग गेला तेथेच भरावा, जेथे आहे तेथे थांबावे. परंतु ज्याचे बारा आणे रंग झडून नुसते शिसे उरले आहे, त्याला 'आहे तसाच' ठेवण्यात आदर नसून आळस आहे. आणि हल्ली जुन्या धाटणीचे नवे ओतीव स्वारही मिळतात, कोरे, रंग न दिलेले. सुटी मुंडकी, सुटे हात मिळतात. ते आणून जुन्या रीतीने रंगवावेत, जुन्या जायबंदींना जोडावेत. यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती नवे रंगवून जुने म्हणून विकले तर. मी रंगविलेल्या प्रत्येक स्वाराच्या पोटाखाली साल लिहितो.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. कपाट स्वाराला वाचविते, ही समजूतच भाबडी आहे. शिशाला एक रोग जडतो. अंगावर पांढरी भुकटी येते, धातू फुगतो, ठिसूळ होतो आणि हळूहळू त्याची राख होते. हा रोग कशाने होतो? बंद लाकडी कपाटाने. ओक वगैरे लाकडांतून व्हिनेगरसारख्या आम्लाची वाफ सुटत असते. बंद जागेत ती कोंडते आणि शिसे खाते. जुन्या काळी रंगाचा सफेदा करीत तो असाच, शिशाला शिरक्याची वाफ देऊन. म्हणजे ज्या कपाटात तुम्ही त्याला जपण्यासाठी कोंडले, तेच त्याचा सफेदा करीत असते! वस्तुसंग्रहालयांतले जाणकार शिशाच्या वस्तू अशा लाकडात ठेवीत नाहीत, ते यासाठी.

संग्रहालयांवर माझा रोष नाही, उलट त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने जे संग्रहालय उभे केले, त्यातल्या अडकित्त्यांपुढे आणि दिव्यांपुढे उभे राहिले की घरगुती वस्तूचे मोल कळते. सर्वांसाठी जपणे ही एक गोष्ट; स्वतःच्या दिवाणखान्यात कुलूप लावून 'हात लावू नको' म्हणणे ही दुसरी.

मात्र एका बाबतीत मी स्वतःच कुलूप लावा म्हणेन. शिसे हे विष आहे. जुने शिशाचे स्वार आणि त्यांवरचा जुना रंग, दोन्ही. लहान मूल खेळणे तोंडात घालते. ब्रिटनने १९६६ साली शिशाचे शिपाई ओतणे थांबविले ते मुलांच्या सुरक्षिततेचे नियम आडवे आले म्हणूनच, आणि नियम योग्य होता. तेव्हा शिशाचा स्वार मोठ्यांच्या टेबलावर राहू दे. दुरुस्त करताना त्याची भुकटी फुंकू नये, घासकाम ओले करावे, हात धुतल्याशिवाय फराळाच्या ताटाला शिवू नये. किल्ल्यावर मातीचेच सैन्य शोभते.

आता राहिले ते युद्धाचे विरोधक. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यांच्याशी बोलताना मी आवाज चढवीत नाही. ते म्हणतात, मुलांच्या हाती शिपाई देऊन तुम्ही त्यांना मारामारी शिकविता. आणि दाखल्याला चर्चिलला उभे करतात. दाखला खरा आहे. १९३० च्या आपल्या आत्मकथेत चर्चिलने लिहिले आहे की त्याच्यापाशी जवळजवळ दीड हजार शिपाई होते, आणि वडिलांनी एकदा त्यांची पाहणी करून त्याला सैन्यात जायचे का असे विचारले, त्यातूनच पुढचा मार्ग ठरला. त्यात आणखी एक बारकावा आहे, तो आपल्याला झोंबणारा आहे. शत्रुपक्ष धाकट्या भावाकडे असे. पण त्या भावाने फक्त काळ्या लोकांची पलटण ठेवायची आणि तिच्याजवळ तोफखाना असता कामा नये, असा करार होता. साम्राज्याचे सारे गणित एका चटईवर! पण हा दोष शिशाचा का? करार लिहिणाऱ्याचा? खेळण्यात जे असते ते घरातून आलेले असते.

त्याच इंग्लंडातला दुसरा दाखला मी देतो. १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने अशाच शिपायांच्या खेळाचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. स्प्रिंगच्या तोफा, ठोकळ्यांची घरे, घोडदळाची दौड, सगळे त्यात आहे. आणि शेवटी त्याने सांगितले आहे की खऱ्या युद्धापेक्षा ही लुटुपुटीची लढाई कितीतरी बरी, खऱ्याच्या मूर्खपणाची तिच्यावरून कल्पना यावी. पुढच्याच वर्षी युरोप पेटला. वेल्सची शिकवण कोणी ऐकली नाही. पण ती शिपायांशी खेळतानाच त्याला सुचली होती.

आणि माझे स्वतःचे उत्तर याहून साधे आहे. माझ्या टेबलावर मराठा स्वार आणि मोगल स्वार शेजारी शेजारी आडवे असतात, एकाच डिंकाने जोडलेले. पाय तोडायला क्षण पुरतो आणि जोडायला दोन संध्याकाळी लागतात, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला युद्धाविषयी जे कळायचे ते कळले. मोडण्याची किंमत न शिकविणारे खेळणे मला अधिक घातक वाटते, मग त्यावर बंदूक असो वा ससा.

"पण आम्हाला जमेल का?" हा शेवटचा आक्षेप बहुधा खरा असतो, म्हणून त्याला थोडे कामाचे उत्तर देतो. कच्च्या मातीचा स्वार असेल तर त्याला पाण्याने पुसू नका, विरघळेल. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडा. तुटलेल्या पायात उदबत्तीच्या काडीचा तुकडा आधाराला घाला. नुसती ओली शाडू लावाल तर वाळताना ती आकसते आणि तडा जातो. म्हणून तिच्यात डिंक आणि थोडा पिंजलेला कापूस मळा, आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. स्वार प्लास्टरचा असेल तर उलट रीत: तुटलेली कड आधी ओली करा, नाहीतर जुने प्लास्टर नव्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा धरत नाही. मुंडके तुटलेल्या पोकळ शिशाच्या स्वारावर इंग्रज पोरांनी केव्हाच तोड काढून ठेवली आहे. धड पोकळ, मुंडके पोकळ; मध्ये आगकाडीचा तुकडा खुपसला की शिपाई पुन्हा ताठ. एका साध्या आगकाडीने जेवढे स्वार वाचविले, तेवढे कोणत्याही संग्राहकाने वाचविले नसतील!

रंग मुलांच्या वापराचे, पाण्यात कालविण्याचे घ्या. माळ्यावरचा जुना डबा उघडू नका. घरगुती रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्याचा भरवसा कोणी द्यावा? आधी पांढरा हात, मग घोडा, मग अंगरखा, मग पट्टे आणि लगाम, सोनेरी-रुपेरी सर्वांत शेवटी. आणि खेळण्याला खेळणेच राहू द्या. सुरकुत्या, रक्त, चिखल दाखविण्याचा सोस नको. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एका रेघेची मिशी एवढ्यावर मूल बाकीचा सगळा माणूस उभा करते. तुम्ही सगळेच रंगवून टाकले तर त्याने करायचे काय?

घोड्याच्या रंगात मात्र कंजुषी करू नका. बाजारातला घोडा एकतर पांढरा, नाहीतर तपकिरी. आपल्या भाषेत घोड्याच्या रंगांना किती नावे होती! अबलख म्हणजे ठिपक्या-पट्ट्यांचा, कुमैत म्हणजे काळ्या आयाळीचा तांबडा, मुश्की म्हणजे काळाभोर, नुकरा म्हणजे पांढराशुभ्र, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला. रंगविताना मुलाला विचारा, तुझा घोडा कोणता? खोगीर कोठे, तंग कोठे, रिकीब कोठे, दुमची कोठे, ते दाखवा. तलवार गंजते तसे शब्दही गंजतात. एक घोडा रंगविताना दहा शब्द पुन्हा लखलखीत होतात. शाळेच्या पुस्तकातून हे होत नाही, कारण तेथे घोडा हातात नसतो.

तेव्हा वाचकहो, यंदा एवढे करा. किल्ला मोडण्याआधी मुलांना घेऊन गडाच्या पायथ्याशी बसा आणि सैन्याची हजेरी घ्या. धडधाकट किती, जायबंदी किती, बेपत्ता किती, ते एका कागदावर लिहा. तुटलेले तुकडे चिखलातून वेचून काढा. पाय सापडला तर अर्धे काम झाले. मिठाईचा रिकामा खोका घ्या, त्यात भाताचा भुसा किंवा जुन्या धोतराच्या चिंध्या घाला, प्रत्येकाला निराळा झोपवा, आणि खोक्यावर साल घालून तो माळ्यावर न टाकता हाताशी ठेवा. तुळशीचे लग्न होईपर्यंत एक रविवार सापडतोच. त्या रविवारी टेबलावर जुना कागद पसरा, एक वाटी डिंक, चार उदबत्तीच्या काड्या, दोन कुंचले. मुलाने पाय धरायचा, तुम्ही काडी घालायची, आणि डिंक वाळेपर्यंत दोघांनी गप्पा मारायच्या. नवे स्वार बाजारात पुढच्या वर्षीही मिळतील. त्यांची चिंता नको.